क्लोव्हर-अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता : एका रूढ संशोधनप्रकाराचे परीक्षण

वनस्पतीचा मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, तो डीपीपीएच या जांभळ्या द्रावणात मिसळायचा, अर्ध्या तासाने रंग किती उतरला ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१७ नॅनोमीटरला मोजायचे आणि आलेल्या आकड्यावरून सदर वनस्पती कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व वार्धक्य यांवर उपयुक्त ठरू शकेल असा निष्कर्ष मांडायचा. या साच्यातील संशोधन निबंध गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले आहेत. आपल्याकडील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र विभागांतही पदव्युत्तर प्रकल्पासाठी हाच विषय वारंवार निवडला जातो. उपकरण एकच लागते, रसायने फारशी महाग नाहीत आणि निष्कर्ष जवळपास नेहमीच अनुकूल येतो. नेहमी अनुकूल येतो हीच खरे तर शंकेची पहिली जागा आहे. पाने असलेली कोणतीही वनस्पती घेतली तरी तिच्यात फिनॉल वर्गातील द्रव्ये असतातच, आणि ती असली की डीपीपीएचचा रंग उतरणारच. ज्या कसोटीत कोणी नापास होत नाही, तिला कसोटी म्हणावे काय?

प्रस्तुत लेखात या साच्याचे परीक्षण एका वनस्पतिकुलाच्या आधारे करण्याचे योजिले आहे. हे कुल म्हणजे क्लोव्हर, शास्त्रीय नाव ट्रायफोलियम. निवडीला कारण आहे. लाल क्लोव्हरच्या गोळ्या युरोप-अमेरिकेत रजोनिवृत्तीच्या वयातील स्त्रियांना विकल्या जातात. त्याच कुलातील बरसीम ग्वाल्हेर, इंदूरकडील दुग्धव्यावसायिकांच्या रोजच्या परिचयाचा हिरवा चारा आहे. क्लोव्हरच्या रसायनांविषयी खात्रीलायक माहितीही गेल्या शंभर वर्षांत बरीच जमा झाली आहे. त्यामुळे निबंधांतील दावे पारखून घेण्यास साधन हाताशी आहे.

वनस्पती कोणती?

ट्रायफोलियम या प्रजातीत सुमारे अडीचशे जाती आहेत. लाल क्लोव्हर म्हणजे ट्रायफोलियम प्रॅटेन्स, पांढरे क्लोव्हर म्हणजे ट्रायफोलियम रिपेन्स, बरसीम म्हणजे ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम आणि शफताल म्हणजे ट्रायफोलियम रेसुपिनाटम. बरसीम मूळचे नाईलच्या खोऱ्यातील पीक असून विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते सिंधमार्गे हिंदुस्थानात आले. त्याला दीर्घ व थंड हिवाळा मानवतो, म्हणून माळवा-ग्वाल्हेर भागात ते रब्बीत फोफावते. बेळगावकडे आणि दक्षिण महाराष्ट्रात शेतकऱ्याची पसंती लसूणघासाला असते. लसूणघास ही क्लोव्हरची नातेवाईक खरी, पण ती मेडिकागो या वेगळ्या प्रजातीतली. मेथीचेही तसेच.

हा तपशील निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात यावयास हवा आणि बहुधा तेथेच घोळ झालेला असतो. 'तीन पानांची क्लोव्हर' म्हणून ओलसर कुंडीत उगवणारी आंबुटी आणणारे विद्यार्थी अनेक अध्यापकांनी पाहिले असतील. आंबुटीचा क्लोव्हरशी पानांच्या आकारापलीकडे काहीही संबंध नाही. याहून गंभीर गोंधळ गोड क्लोव्हरचा आहे. इंग्रजी नावात क्लोव्हर असले तरी ती मेलिलोटस ही निराळी प्रजाती होय. यूनानी औषधांत 'इकलील-उल-मलिक' या नावाखाली कोठे मेलिलोटस, तर कोठे ॲस्ट्रॅगलस हॅमोसस ही वनस्पती सांगितली जाते. हैदराबादच्या बाजारातून या नावाची पुडी आणून तिचा अर्क तपासणाऱ्याने पुडीत प्रत्यक्षात काय आहे हे आधी ठरविले पाहिजे. शेंग पाहिली तरी पुष्कळ काम होते, कारण ॲस्ट्रॅगलसची शेंग नखासारखी वाकडी असते.

मेलिलोटसचा फरक केवळ नावापुरता नाही. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत गोड क्लोव्हरचे बुरशी लागलेले वाळके गवत खाऊन गुरे अंतर्गत रक्तस्रावाने मरू लागली. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी दोष या खराब झालेल्या चाऱ्यात असल्याचे दाखविले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातील घातक द्रव्य वेगळे केले; ते डायकुमारॉल. त्याच्याच संशोधनातून वॉरफरिन निघाले आणि १९४८ मध्ये ते प्रथम उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले. मेलिलोटसमधील कुमारिन स्वतः रक्त गोठण्याची क्रिया थांबवीत नाही. बुरशीने त्याचे डायकुमारॉल केले की ती थांबते. अर्थात वनस्पतीची जात आणि ती कशी वाळविली, कशी साठविली, या दोन गोष्टींवर चारा की विष हे ठरले. 'नमुना सावलीत वाळवून पूड केली' या एका ओळीवर भागविणाऱ्या निबंधलेखकाने ही हकीकत अवश्य वाचावी.

बरसीमच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, आणि ती शेतात गेल्याशिवाय कळत नाही. बरसीमच्या शेतातील सर्वांत त्रासदायक तणांपैकी एक म्हणजे कासनी. तिचे बी बरसीमच्या बियाण्यात मिसळून येते आणि कापणीच्या वेळी दोन्ही एकत्रच कापले जातात. कासनीत चिकोरिक ॲसिड असते. कॅफेइक ॲसिडाचे दोन रेणू टार्टारिक ॲसिडाला जोडून झालेले हे द्रव्य डीपीपीएचचा रंग झपाट्याने उतरविते. गोठ्यातून उचललेल्या बरसीमच्या पेंढीचा अर्क काढून 'बरसीममध्ये उच्च अँटिऑक्सिडंट क्षमता आढळली' असे लिहिणाऱ्याने कासनीची क्षमता मोजलेली नाही हे कशावरून? नमुना कोठून, कोणत्या कापणीचा, निवडून घेतला किंवा कसे, आणि त्याचा हर्बेरियम नमुना कोठे ठेवला, हे लिहिलेले नसेल तर पुढचे आलेख कितीही सुबक असोत, ते कशाचे आहेत हे सांगता येत नाही.

श्रेय कोणत्या द्रव्याला?

लाल क्लोव्हर आयसोफ्लॅव्होन वर्गातील चार द्रव्यांसाठी प्रसिद्ध आहे : फॉर्मोनोनेटिन, बायोकॅनिन-ए, डाइडझीन आणि जेनिस्टीन. पैकी पहिली दोन विपुल असतात. निबंधांचा शेवट बहुधा असा होतो की अर्कात आयसोफ्लॅव्होन असल्यामुळे त्याची अँटिऑक्सिडंट क्षमता उच्च आहे. रसायनशास्त्राच्या अध्यापकाला हे वाक्य खटकले पाहिजे. फ्लॅव्होनॉइड रेणू डीपीपीएचला हायड्रोजन देतो तो मुख्यत्वे त्याच्या 'बी' वलयावरील शेजारी-शेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांमुळे. क्वेर्सेटिनमध्ये ही जोडी आहे, म्हणून ते या चाचणीत अव्वल ठरते. फॉर्मोनोनेटिन व बायोकॅनिन-ए यांच्या 'बी' वलयावर एकच ऑक्सिजन आहे आणि तोही मिथाइल गटाने झाकलेला. म्हणजे जी द्रव्ये या चाचणीत दुबळी ठरणे अपेक्षित आहे, त्यांनाच यशाचे श्रेय दिले जाते.

मग रंग कोणी उतरविला? क्लोव्हरच्या पानांत त्याची उमेदवार द्रव्ये आहेत. क्लोव्हामाइड हे कॅफेइक ॲसिड व डोपा यांच्या जोडणीतून झालेले द्रव्य लाल क्लोव्हरमध्ये सापडते आणि त्याच्या रेणूत शेजारी हायड्रॉक्सिलांच्या दोन जोड्या आहेत. फॅसेलिक ॲसिड, म्हणजे कॅफेइक ॲसिड व मॅलिक ॲसिड यांचे संयुग, हेही लाल क्लोव्हरच्या पानांत भरपूर असते. ही नावे आपल्याकडील निबंधांत क्वचितच दिसतात, कारण ती शोधण्यास एचपीएलसी लागते आणि एकूण फिनॉलचा आकडा फोलिन-चोकल्तेऊ अभिकर्मकाने स्वस्तात मिळतो.

येथे लाल क्लोव्हरचा एक स्वभाव सांगणे आवश्यक आहे. त्याच्या पानात पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर मोठ्या प्रमाणात असते. पान चिरडले की विकर व फिनॉल एकत्र येतात, फिनॉलचे क्विनोन बनते, क्विनोन प्रथिनांना चिकटते आणि पान तपकिरी पडते. कापलेल्या वांग्याचे होते तेच. कुरणशास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक असून लाल क्लोव्हरच्या मुरघासात प्रथिनांचे विघटन लसूणघासाच्या मुरघासापेक्षा कमी होते याचे कारण ते याच क्रियेत शोधतात. आता आपल्या प्रयोगशाळेकडे पाहू. ताजे पान खलात वाटून मग मिथेनॉल ओतले, की उकळत्या मिथेनॉलमध्ये पान थेट टाकले, यावर अर्कात किती फिनॉल शिल्लक राहील हे ठरते. एकाच शेतातील, एकाच दिवशीच्या पानांचे दोन अगदी निराळे आकडे मिळू शकतात. लाल क्लोव्हर पांढऱ्यापेक्षा सरस किंवा कनिष्ठ असा निर्वाळा देणाऱ्या निबंधात वाटण्याची पद्धत लिहिलेली नसल्यास तो निर्वाळा बाजूला ठेवलेला बरा.

आकडा म्हणजे काय?

डीपीपीएच पद्धत मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली. सोपी व टिकाऊ अशी ती पद्धत आहे आणि तिच्या जागी ती चांगलीच आहे. तक्रार आहे ती तिच्या वापराबद्दल. रंग निम्मा उतरविण्यास लागणारी अर्काची संहती, म्हणजे आयसी-५०, ही त्या वनस्पतीचा अंगभूत स्थिरांक असल्यासारखी कोष्टकात मांडली जाते. पण ती सुरुवातीस घेतलेल्या डीपीपीएचच्या संहतीवर अवलंबून असते. डीपीपीएच दुप्पट घेतले तर ते खर्ची पाडण्यास अर्कही साधारण दुप्पट लागणार, हे इयत्ता बारावीच्या रसायनशास्त्रातूनही कळावे. तरीही निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आयसी-५० एका खाली एक मांडून क्रमवारी लावली जाते. लाल क्लोव्हरच्या फुलांच्या अर्काबाबत आणखी एक उपद्रव असतो. फुलांतील अँथोसायनिन रंगद्रव्ये ५१७ नॅनोमीटरच्या आसपासच प्रकाश शोषतात, त्यामुळे अर्काचा स्वतःचा शोषणांक वजा केला नाही तर आकडा चुकतो. अशी 'कोरी' नळी ठेवल्याचा उल्लेख शोधावा. तो पुष्कळदा नसतो.

तुलनेसाठी ॲस्कॉर्बिक ॲसिड घेण्याची प्रथा आहे. समजा त्याचा आयसी-५० मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम आला आणि अर्काचा ४००. निबंधात लिहिले जाते की अर्काने 'लक्षणीय' क्षमता दाखविली. ऐंशीपट दुबळा ठरलेल्या पदार्थाला लक्षणीय म्हणण्यासाठी काही तरी कारण द्यावयास हवे. सांख्यिकीय अर्थाने लक्षणीय आणि व्यवहारात उपयोगी हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. मराठीत तरी ते वेगळे ठेवता येतात.

फोलिन-चोकल्तेऊ अभिकर्मकाची जन्मकथा पाहिली तर पुष्कळ भ्रम दूर होतात. १९२७ मध्ये ऑटो फोलिन व विंटिला चोकल्तेऊ यांनी तो प्रथिनांतील टायरोसिन व ट्रिप्टोफेन मोजण्यासाठी सिद्ध केला. १९६५ मध्ये सिंगलटन व रॉसी यांनी तो द्राक्षमद्यातील फिनॉलसाठी सुधारून घेतला. म्हणजे ज्या अभिकर्मकाचे मूळ काम प्रथिनांतील घटक मोजण्याचे, तो प्रथिनसमृद्ध अशा शिंबावर्गीय चाऱ्याच्या जलीय अर्कात टाकला तर काय होईल? व्हिटॅमिन-सी आणि काही शर्कराही त्याला निळे करतात. तेव्हा 'एकूण फिनॉल' या मथळ्याखाली आलेला आकडा एकूण क्षपणक द्रव्यांचा असतो. आणि असे असल्यामुळे 'एकूण फिनॉल व अँटिऑक्सिडंट क्षमता यांत घनिष्ठ सहसंबंध आढळला' हा निष्कर्ष, ज्यावर पुष्कळ निबंधांची इमारत उभी असते, बराचसा एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखा आहे.

परीक्षानळीपासून शरीरापर्यंत

सर्वांत मोठी उडी निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात असते. डीपीपीएच हा मुक्तमूलक मानवी शरीरात नसतो. तो नायट्रोजनवरचा, अवजड आणि महिनोन्महिने बाटलीत टिकणारा आहे. पेशींतील हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य सेकंदाच्या अत्यल्प अंशाचे असते. शिवाय वनस्पतिज फिनॉल पोटात गेल्यावर त्यांतील थोडेच शोषले जातात आणि आतडे व यकृत त्यांना ग्लुकुरोनिक ॲसिड वा सल्फेट जोडून त्यांचे रूप पालटून टाकतात. रक्तद्रवात त्यांची संहती बहुधा एका मायक्रोमोलच्या आसपास किंवा खाली, फार तर काही मायक्रोमोलपर्यंत जाते. याच रक्तद्रवात युरिक ॲसिड २०० ते ४०० मायक्रोमोल असते आणि तेही अँटिऑक्सिडंट आहे. शंभर-दोनशे माणसांच्या जमावात एकाने आवाज मिसळावा, तसे हे प्रमाण.

ओरेगन राज्य विद्यापीठातील लोटिटो व फ्राय यांनी २००४ मध्ये याचा एक मार्मिक दाखला दिला. सफरचंद खाल्ल्यावर रक्तद्रवाची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते हे खरे, पण ती फ्लॅव्होनॉइडमुळे वाढत नाही. सफरचंदातील फ्रुक्टोजमुळे युरिक ॲसिड वाढते, त्याचा तो परिणाम असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची जी सूची प्रसिद्ध केली होती, ती २०१२ मध्ये मागे घेतली, कारण परीक्षानळीतील हे आकडे आरोग्याशी जोडून जाहिराती केल्या जात होत्या. त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अँटिऑक्सिडंट म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीतक त्या वर्षीच मोडीत निघावयास हवे होते.

क्लोव्हरबाबत तर शरीरातील खरा परिणाम अँटिऑक्सिडंट गुणाचा नव्हेच, तो स्त्रीसंप्रेरकासारखा आहे, हे मेंढ्यांनी फार पूर्वी दाखवून दिले. पश्चिम ऑस्ट्रेलियात ट्रायफोलियम सबटेरॅनियमच्या कुरणांवर चरणाऱ्या मेंढ्यांना गर्भ राहीना. बेनेट्स, अंडरवुड व शियर यांनी १९४६ मध्ये या 'क्लोव्हर रोगा'चे वर्णन प्रसिद्ध केले. फॉर्मोनोनेटिनचे मेंढीच्या पोटात डाइडझीन व पुढे इक्वॉल होते आणि इक्वॉल ईस्ट्रोजेनच्या ग्राहीला जाऊन बसते. (माणसांत सर्वांच्याच आतड्यांत इक्वॉल तयार होत नाही, ते तेथील जीवाणूंवर अवलंबून असते.) येथे न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की चाचणी जशी फाजील आशा लावते, तशी ती उलट बाजूनेही फसविते. डीपीपीएचपुढे निष्क्रिय ठरलेले फॉर्मोनोनेटिन शरीरात रूप बदलून चांगलेच सक्रिय होते.

लाल क्लोव्हरच्या गोळ्यांची मोठी चाचणी २००३ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रजोनिवृत्तीच्या २५२ स्त्रियांना बारा आठवडे दिवसाला ८२ मिलिग्रॅम वा ५७ मिलिग्रॅम आयसोफ्लॅव्होन अथवा औषधाचा केवळ आभास असलेली गोळी देण्यात आली. अंगात एकाएकी उष्णतेची लाट येण्याचे दिवसाचे प्रमाण तिन्ही गटांत जवळजवळ सारखेच घटले : अनुक्रमे ५.१, ५.४ आणि ५.० वेळा. तिसरा गट नसता तर पहिल्या दोन गटांचे आकडे केवढे घवघवीत वाटले असते! आपल्या घरांतील स्त्रिया अशा गोळ्या 'नैसर्गिक' म्हणून विश्वासाने घेतात. स्तनाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रीने ईस्ट्रोजेनसारखे काम करणारे द्रव्य डॉक्टरांना न विचारता घ्यावे काय, हा प्रश्न डीपीपीएचच्या कोष्टकात कोठेच उपस्थित होत नाही.

चांगले काम कसे असते

सर्वच संशोधन या साच्यातले आहे असे नाही. पोलंडमधील वूच विद्यापीठातील संशोधकांनी ट्रायफोलियमच्या काही उपेक्षित जाती घेतल्या, अर्कातील द्रव्यांची विभागणी केली आणि मानवी रक्तद्रव व रक्तबिंबिका यांवर पेरॉक्सिनायट्राइट या शरीरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या द्रव्याचा मारा करून अर्क प्रथिनांचे व मेदांचे रक्षण किती करतो ते तपासले. हेही काम नळीतलेच आहे आणि आतडे-यकृताचा प्रश्न तेथेही शिल्लक राहतो. परंतु मारा करणारे द्रव्य शरीरातले, लक्ष्य शरीरातले आणि जात निश्चित केलेली, एवढ्या तीन गोष्टींनी त्या निबंधांना वजन येते.

आपल्याकडे ते का होत नाही याचे उत्तर प्रयोगशाळेबाहेरही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी बढतीसाठी निबंधांना गुण दिले आणि निबंध मोजण्याची सवय लागली. निबंध वाचण्याची सवय त्या प्रमाणात लागली नाही. अध्यापकाला यासाठी एकट्याला दोष देता येत नाही. आठवड्याचे तास घेऊन उरलेल्या वेळात, एका स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, तीस विद्यार्थ्यांचे प्रकल्प पुरे करावयाचे तर साचा मोहात पाडणारच. पण त्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेले असतात. विज्ञान म्हणजे काय याची त्यांची पहिली ओळख या प्रकल्पातून होते, आणि उत्तर आधीच ठरलेला प्रयोग त्यांच्या हाती देणे हा त्यांच्या वेळेचा अपव्यय आहे.

याच खर्चात अधिक प्रामाणिक प्रश्न विचारता येतो. अन्नातील तेल खवट होणे ही बाटलीतच घडणारी ऑक्सिडीकरणाची क्रिया आहे. तेथे आतडेही नाही आणि यकृतही नाही, त्यामुळे नळीपासून शरीरापर्यंतची उडी मारावी लागत नाही. विद्रावक पूर्ण काढून टाकलेला बरसीमचा अर्क शेंगदाण्याच्या ताज्या घाणीच्या तेलात ठरावीक प्रमाणात मिसळावा. शेजारी नुसत्या तेलाची एक बाटली आणि बीएचटी घातलेली एक बाटली ठेवावी. तिन्ही ६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवून दर तीन दिवसांनी पेरॉक्साइड मूल्य काढावे. त्यासाठी प्रामुख्याने पोटॅशियम आयोडाइड, सोडियम थायोसल्फेट, स्टार्च आणि ब्युरेट लागते, आणि ते प्रत्येक रसायनशास्त्र विभागात असते. या प्रयोगात अर्क नापास होऊ शकतो. ग्वाल्हेर-इंदूरकडील अध्यापकांना त्यात चौथी व पाचवी बाटली सहज वाढविता येईल : एकीत कासनी निवडून काढलेल्या बरसीमचा अर्क, दुसरीत त्याच शेतातील नुसत्या कासनीचा.